फुलांचे कुंपण, शेजारणीचे शेत

सप्टेंबर 2023 मध्ये जी-20 परिषदेसाठी दिल्ली सजली, तेव्हा रस्त्यांच्या कडेने फुलझाडांच्या असंख्य कुंड्या मांडल्या गेल्या. माकडांनी त्यांची नासधूस करू नये म्हणून जागोजागी काळ्या तोंडाच्या वानरांची कटआउट्स उभारली गेली आणि वानरांचे आवाज काढणारी तीस-चाळीस माणसेही नेमली गेली. माकडे वानरांना घाबरतात, हा त्यामागचा हिशेब. पूर्वी या कामासाठी खरी वानरे दोरीने बांधून फिरवली जात. पण वानर हा कायद्याने संरक्षित प्राणी असल्यामुळे ती प्रथा थांबवावी लागली. त्याआधी, 2007 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने शहरातील माकडे पकडून असोला भट्टी अभयारण्यात नेण्याचा आदेश दिला होता. त्यानंतर सोळा वर्षांनी पाहुण्यांसाठी मांडलेल्या फुलांवर पहारा ठेवण्याची वेळ आलीच.

या बातमीला मी मनमुराद हसलो होतो. निवृत्तीनंतर कुमाऊँच्या डोंगरात घर बांधले आणि ते हसू माझ्यावरच उलटले.

बागेत मी गुलाब, हायड्रेंजिया, डेलिया आणि लिली लावल्या. पहिल्या वसंतात गुलाबाच्या कळ्या भेकराने खाल्ल्या. हे हरीण जेमतेम दोन फूट उंचीचे. भुंकल्यासारखे ओरडते आणि पहाटेच्या धुक्यात येऊन केवळ कोवळे तेवढे खुडून जाते. पावसाळ्यानंतर साळिंदराने डेलियाचे कंद उकरून काढले. उरलेल्या फुलांचा समाचार माकडांनी घेतला. त्यांना फुले खाण्यापेक्षा तोडून टाकण्यातच अधिक रस असावा.

जाणकारांनी सल्ले दिले आणि मी ते सर्व करून पाहिले. हरणाला न आवडणारी झाडे लावावीत, हा त्यांतला सर्वांत शहाणपणाचा सल्ला. झेंडू, लॅव्हेंडर आणि रोझमेरी यांचा उग्र वास त्याला सहसा सोसत नाही. नर्गिसाचे कंद विषारी असल्याने साळिंदरही त्यांच्या वाटेला फारसे जात नाही. भुकेपुढे मात्र नावड फार काळ टिकत नाही. साबणाच्या वड्या टांगणे, केस पसरणे या उपायांचा प्रभाव पहिल्या जोरदार सरीपर्यंतच. शेवटी भक्कम जाळी आली: सांबराला उडी मारता येऊ नये म्हणून आठ फूट उंच, साळिंदरासाठी फूटभर जमिनीत गाडलेली, आणि वर माकडांसाठी सौर विजेची तार. या तारेतून क्षणिक झटका बसतो, जीव जात नाही. घरातील वीज थेट कुंपणात सोडणे हा मात्र गुन्हा आहे. अशा तारांनी देशभर हत्ती मेले आहेत, वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत.

माझी बाग वाचली. त्या वर्षी खालच्या खाचरांतील शेजारणीचा मटार गेला.

त्या बाई मला ‘दाज्यू’ म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. ‘दाज्यू, तुमच्याकडची वाट बंद झाली, म्हणून ती आता माझ्या दारावरून जातात,’ एवढेच त्या म्हणाल्या. पुढच्या हंगामात त्यांनी दोन खाचरे पेरलीच नाहीत. पडीक जमिनीवर घाणेरी माजली, घाणेरीत रानडुकरे वस्तीला आली आणि तिसरे खाचरही गेले. उत्तराखंडच्या ग्रामविकास व पलायन आयोगाने 2018 च्या अहवालात 2011 नंतर निर्मनुष्य झालेली 734 गावे मोजली होती. लोकांनी गाव सोडण्याच्या कारणांत वन्यप्राण्यांकडून होणारी पीकहानी हेही एक कारण नोंदले गेले. रिकामे झालेले प्रत्येक शेत शेजारच्या शेताची राखण अधिक अवघड करते, हे मी माझ्या व्हरांड्यातून पाहत आहे.

आपले धोरण या साखळीकडे पाहत नाही. ते सुट्या शेतकऱ्याकडे आणि सुट्या प्राण्याकडे पाहते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार उभ्या पिकांना धोकादायक ठरलेल्या काही प्राण्यांच्या शिकारीची परवानगी राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. (माझे गुलाब ‘उभे पीक’ ठरतात का, हे विचारण्याचे धाडस मी केलेले नाही.) केंद्र सरकार एखाद्या भागापुरते आणि मुदतीपुरते प्राण्यास उपद्रवी घोषित करू शकते. त्याच अधिकारात बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड उपद्रवी ठरले. जून 2016 मध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रातील दोन मंत्री जाहीरपणे एकमेकांशी भांडले आणि वाद दयेचा की शेतीचा एवढ्यावरच अडकला. 2022 च्या दुरुस्तीने माकडाला कायद्याच्या अनुसूचींतूनच वगळले. हिमाचलात दीड लाखांहून अधिक माकडांची नसबंदी झाली, तरी तेथील बागाईतदार आजही राखण करतात.

नवी आशा विम्याची आहे. खरीप 2026 पासून प्रधानमंत्री पीकविमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान समाविष्ट करण्याचे केंद्राने जाहीर केले. त्यासाठी 72 तासांत मोबाइल ॲपवर स्थाननिर्देशासह छायाचित्रे द्यायची आहेत. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु साळिंदराने रात्रीतून जमिनीखालचे कंद खाल्ले, तर छायाचित्र कशाचे काढायचे? काश्मीरमधील पाम्पोरचे केशर उत्पादक हेच सोसत आहेत. तेथे फूल उमलण्याआधीच त्याचा कंद नाहीसा होतो. शिवाय विमा पेरलेल्या शेताचा असतो. भीतीपोटी न पेरलेल्या खाचराचा दावा करता येत नाही.

मला अधिक बोलका वाटतो तो हिमाचलच्या सौर कुंपण योजनेतील एक आकडा. एकट्या शेतकऱ्याला 80 टक्के अनुदान आणि गटाने कुंपण केल्यास 85. शेजाऱ्यांना एकत्र आणण्याचे मोल सरकारच्या लेखी पाच टक्के! वस्तुतः संपूर्ण वाडीभोवती एकच कुंपण घातले, तर तारेची लांबी दरडोई कितीतरी कमी भरते आणि प्राण्यांची वाट एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात वळत नाही. अडचण तारेची नसून देखभालीची आहे. गवत वाढून तारेला टेकले की झटका क्षीण होतो. ते कापायचे कोणी, बॅटरी बदलायची कोणाच्या पैशाने, यासाठी अनुदानाच्या अर्जात रकाना नाही. एकट्याला द्यायच्या अनुदानातील मोठा वाटा काढून गटाच्या पाच वर्षांच्या देखभालीला जोडावा, असे माझे मत आहे. त्यात माझ्यासारख्यांचे नुकसान होईल, ते व्हावे.

आमच्या वाडीत अकरा खातेदार आहेत. सामूहिक कुंपणाच्या अर्जावर आठ सह्या झाल्या आहेत. उरलेले तिघे हल्द्वानी आणि दिल्लीत राहतात, दोघांचे फोन लागत नाहीत. परवा पहाटे जाळीबाहेरच्या ओल्या मातीत भेकराच्या खुरांचे ठसे दिसले. जाळीच्या कडेकडेने कोपऱ्यापर्यंत जाऊन ते खाली वळले होते, शेजारणीच्या उरलेल्या मटाराकडे.