टीबीच्या गोळीची नोंद फोनवर: उपचार टिकवणारे साधन कसे असावे?

नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा, म्हणजेच क्षयरोगाचा, उपचार साधारण सहा महिने रोज चालतो. पहिल्या एक-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढू लागते. नेमके याच वेळी अनेकांना वाटते, 'आता बरे आहे, गोळ्या कशाला?' पण काही जंतू शरीरात अजून जिवंत असतात. औषध मध्येच सोडले तर आजार परत येऊ शकतो आणि जंतू औषधांना दाद न देण्याचा धोका वाढतो.

राधानगरी तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीत तुम्ही राहत असाल, तर पावसाळ्यात वाट बंद होते, वीज जाते, रेंज मिळत नाही. रोज दवाखान्यात येऊन गोळी घेणे शक्य नसते. अशा वेळी फोनची मदत होऊ शकते का?

मिस्ड कॉलची पद्धत

भारतात २०१५ च्या सुमारास टीबी कार्यक्रमात '९९ डॉट्स' ही पद्धत आली. गोळी पाकिटातून बाहेर काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मोफत कॉल केला की त्या दिवशीची नोंद होते. आज कोणता नंबर निघेल हे आधी कळत नाही. स्मार्टफोन लागत नाही, वाचता येण्याची फारशी गरज नाही, बॅलन्सही लागत नाही.

कल्पना चांगली होती. पण तमिळनाडू आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी अचानक जाऊन लघवीत औषधाचा अंश तपासला, तेव्हा कॉलची नोंद आणि प्रत्यक्ष गोळी यांचा मेळ अनेकदा बसला नाही. काहींनी गोळी घेतली होती, पण कॉल केला नव्हता. काहींचे उलट होते.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तुम्हाला माहीत असतील. पाणी ठरलेल्या पातळीला आले की ते आपोआप उघडतात. त्यांना उघडते ते पाणीच. फोन मात्र गोळी मोजत नाही, फक्त कॉल मोजतो. म्हणून कॉल आला नाही याचा अर्थ 'रुग्ण बेजबाबदार' असा नसून 'विचारपूस करायला हवी' एवढाच घ्यायचा असतो.

चांगले साधन कसे ओळखावे?

- साध्या फोनवर चालते आणि रेंज आल्यावर उशिरा नोंद करता येते.
- नोंद चुकली तर आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी स्वतः चौकशी करतात, रागावत नाहीत.
- घरात एकच फोन असला तरी आजाराचे नाव मेसेजमध्ये उघड होत नाही.
- रुग्णालाही काही मिळते: त्रासाबद्दल सल्ला, पुढच्या तपासणीची आठवण. निक्षय पोषण योजनेची रक्कम थेट बँक खात्यात येते. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १,००० रुपये आहे.

तुम्ही काय करावे?

गोळीची वेळ रोजच्या कामाला जोडा. उदाहरणार्थ, सकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर, न्याहारीच्या आधी. उपाशीपोटी मळमळत असेल तर वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. कॅलेंडरवर खूण करा. त्याला रेंज लागत नाही. जोराचा पाऊस सुरू होण्याआधी जादा दिवसांची औषधे मिळतील का, ते आरोग्य केंद्रात विचारा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घेऊ नका. नेहमीचा डोस सुरू ठेवा आणि चुकल्याचे लपवू नका, आशाताईंना सांगा.

लगेच डॉक्टरांना कधी दाखवावे?

डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, अंधुक दिसणे, अंगभर पुरळ किंवा हातापायांना मुंग्या येणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी संपर्क करा. निक्षय संपर्क हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे. लघवी नारिंगी होणे मात्र औषधामुळे असते. त्याला घाबरू नका.

औषध कधी थांबवायचे हे बरे वाटण्यावरून किंवा फोनवरच्या नोंदीवरून ठरवू नका. तपासणीनंतर तुमचे डॉक्टर सांगतील, तेव्हाच थांबवा.