गच्चीवरच्या सौरविजेचा खरा हिशेब

‘मोफत वीज’ हे शब्द योजनेच्या नावातच असल्यामुळे सरकार गच्चीवर फुकट पॅनेल बसवून देते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर: मोफत वीज योजने’त मिळते ते अनुदान. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, असे एकूण 78,000. पाच किलोवॉट बसवले तरी रक्कम तेवढीच. तीही यंत्रणा बसून, नेट मीटर (ग्रीडला दिलेली आणि ग्रीडकडून घेतलेली वीज मोजणारे मीटर) लागून, तपासणी झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येते. तोवर पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. तीन किलोवॉटपर्यंत दोन लाखांचे विनातारण कर्ज मात्र मिळू शकते.

तीन किलोवॉटला साधारण दीड ते दोन लाख रुपये लागतात. ‘पॅनेल तेच, मग शेजाऱ्याला स्वस्त कसे पडले?’ असे लोक विचारतात. फरक बहुतेकदा सांगाड्यात असतो. गच्चीवर कपडे आणि कुरडया वाळत घालायच्या असतील, तर पॅनेल डोक्याच्या वर हवीत. तेवढे लोखंड वाढते. कोटेशनमध्ये पॅनेलची कंपनी ठळक अक्षरांत आणि सांगाड्यापुढे नुसते ‘जीआय स्ट्रक्चर’ असेल, तर सही करू नका. पाइपची जाडी, जस्ताचा थर, अर्थिंग आणि वीजरोधक हे सगळे लिहून घ्या. वादळवाऱ्यात पॅनेल धरून ठेवतो तो सांगाडाच, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत हलके लोखंड लवकर गंजते. पैसे वाचवायची ही जागा नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

लाइट गेली तरी आपल्या घरी वीज राहील, ही समजूतही चुकीची आहे. बॅटरी नसलेली, ग्रीडला जोडलेली यंत्रणा वीज जाताच आपोआप बंद होते. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅकअप हवा असेल, तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरीचा खर्च वेगळा.

बिल शून्य येते का? वापराचे युनिट शून्यावर येऊ शकतात. स्थिर आकार राहतोच. एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, म्हणजे तीन किलोवॉटला महिन्याकाठी साडेतीनशेच्या आसपास. पावसाळ्यात हा आकडा बराच घसरतो. उन्हाळ्यातही ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असे नसते, कारण पॅनेल तापले की उत्पादन थोडे कमी होते. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेल्यांचे पैसे कमी दराने मिळतात. म्हणून विकून कमवायच्या आशेने मोठी यंत्रणा घेऊ नये.

पैसे किती वर्षांत वसूल होतील, ते तुमच्या बिलावर ठरते. 1,80,000 खर्च आणि 78,000 अनुदान म्हणजे खिशातून 1,02,000. महिन्याला अडीच हजार वाचत असतील, तर साडेतीन वर्षांत हिशेब बसतो. पण महिन्याला 80 युनिट वापरणारे घर सर्वात स्वस्त टप्प्यात असते. तिथे बचत थोडी आणि वसुली लांबलेली, म्हणून एक किलोवॉट पुरेसा.

फ्लॅटवाल्यांसाठी यात काही नाही, हेही खरे नाही. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोसायटीला किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे.