कीटकांच्या मेंदूंतील निरोप्या पेशी

कपाशीच्या बोंडांतील अळी शहादा-तळोद्याकडील मुलांस दाखवावयास नको. परंतु अळीनें कोष केव्हां करावा, हें कोण ठरवितें? पोलंडांतील स्टेफान कोपेच यानें कांहीं सुरवंटांचा मेंदू काढून पाहिला व आपले प्रयोग १९१७ व १९२२ सालीं प्रसिद्ध केले. मेंदू लवकर काढल्यास सुरवंट जगत, पण कोष होत नसे. मज्जारज्जू तोडला तरी मात्र होई. अर्थात् मेंदूचा हुकूम रक्तांतून जात असला पाहिजे.

हा हुकूम तयार करणाऱ्या मज्जापेशी मोजक्याच असतात. त्या अमिनो आम्लांच्या लहान-मोठ्या सांखळ्या घडवितात. त्यांस न्यूरोपेप्टाइड म्हणतात. निरनिराळ्या कीटकांत या पेशी ताडून पाहणें मोठें मौजेचें आहे. रेशीमकिड्याच्या मेंदूंत कात टाकण्याचा हुकूम देणाऱ्या पेशी दोन्ही बाजूंस दोन-दोन. पिकल्या केळ्यांवरील चिमुकल्या माशींतही तितक्याच! परंतु किड्यांत त्यांचा स्राव रक्तांत मिसळून छातींतील ग्रंथीस पोंचतो, तर माशींत पेशींचे तंतू थेट त्या ग्रंथीपर्यंत जातात. एक पत्र टपालांत टाकतो, दुसरा स्वतः दारीं जाऊन सांगतो.

२०२० सालीं विदर्भांत टोळधाड आली. एवढ्या लांबच्या उड्डाणास लागणारी चरबी मोकळी करणारें द्रव्य टोळाच्या मेंदूमागील ग्रंथींत तयार होतें. त्याची दहा अमिनो आम्लांची रचना १९७६ सालीं उलगडली. झुरळाच्या त्याच ग्रंथींत त्याचीं भावंडें सांपडतात. तीं आठच आम्लांचीं असून रक्तांतील साखर वाढवितात. आपल्याकडे नागपूर विद्यापीठांत ठाकरे व टेंभरे यांनीं चतुराच्या मेंदूंतील अशा पेशींचा अभ्यास केला आहे.

हें सारें पालकांनींही वाचावें, असें मला वाटतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कित्येक शेतकरी व मजूर दगावले. आजचीं पुष्कळ विषें सर्वच प्राण्यांत सारख्या असणाऱ्या मज्जातंतूंच्या व्यापारावर घाला घालतात. मग मधमाशी काय नि फवारणारा काय! न्यूरोपेप्टाइडें मात्र कीटकाकीटकांत थोडथोडीं भिन्न असतात. बोंडअळीचाच हुकूम बिघडविणारें द्रव्य सांपडेल काय, हा शोध त्यामुळेंच महत्त्वाचा. अडचण अशी कीं, अळीनें पेप्टाइड खाल्लें तर इतर प्रथिनांप्रमाणें तें तिच्या पोटांत पचून जातें; यास्तव तशाच आकाराचें, पण न पचणारें द्रव्य घडविण्याची खटपट प्रयोगशाळांतून चालू आहे.