‘दिवसभर घालतो’ म्हणजे नक्की किती तास?

पेटच्या अर्जात ‘श्रवणबाधित मुलांच्या समस्यांचा अभ्यास’ असा विषय लिहिलेला दिसला की मला आधी हसू येतं, मग काळजी वाटते. हा विषय नाही, हा अख्खा विभाग झाला. यावर तीन वर्षं काम केलं तरी शेवटी हातात काय येईल ते सांगता येत नाही. म्हणून आज त्यातलाच एक छोटा तुकडा घेऊन बघू: तीन ते आठ वर्षांच्या मुलाला स्वतःचं श्रवणयंत्र सांभाळायला शिकवणं. त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा, काय मोजायचं आणि मोजताना कुठे फसायला होतं, तेवढंच बघायचं.

जागा घेऊ वैजापूर. मुद्दाम घेतोय. वैजापूरहून छत्रपती संभाजीनगर सत्तरेक किलोमीटर. तालुक्याच्या गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, पण कानाचा मोल्ड नवा करायचा किंवा यंत्राचं सेटिंग बदलायचं म्हटलं की बहुतेकांना शहर गाठावं लागतं. शिऊर किंवा महालगावकडच्या कुटुंबाचा त्यात अख्खा दिवस मोडतो आणि एका माणसाची मजुरी बुडते. शहरात जो बिघाड संध्याकाळपर्यंत निघतो तो इथे कापसाची वेचणी संपेपर्यंत तसाच राहू शकतो. तेवढे दिवस यंत्र डबीत आणि मूल शांततेत.

त्या शांततेची किंमत काय, यावर बरंच काम झालेलं आहे. ख्रिस्तीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी 1998 साली कोलोरॅडोमधल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत कळला, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. जगभर नवजात बाळांची कानतपासणी सुरू व्हायला या कामाचा मोठा आधार मिळाला. आपल्याकडे 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण तपासणीच्या यादीत आहे, आणि त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. यंत्रासाठी केंद्राची एडिप योजना आहे. तिच्यात एकदा मदत मिळाल्यावर पुढच्या मदतीसाठी साधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र एकच वर्ष.

म्हणजे निदान आणि वाटप या दोन टोकांना योजना आहेत. यंत्र घरी आल्यानंतरची हजारो सकाळ-संध्याकाळ मात्र कुणाच्याच रजिस्टरमध्ये नाही. संशोधनाची जागा शोधायची ती इथे.

आता ‘यंत्र चालू आहे की बंद’ एवढाच प्रश्न नाही, हे मराठीतच बघा. ‘तो जेवला’ आणि ‘तू जेवलास’. ‘ती करते’ आणि ‘तू करतेस’. मधला फरक फक्त एका ‘स’चा. हा ‘स’ बारीक आणि वरच्या कंपनाचा आवाज. श्रवणदोष असलेल्या अनेक मुलांना नेमके हेच आवाज आधी निसटतात. पॅट्रिशिया स्टेलमाखोविच यांनी 2001 साली दाखवलं की पुरुषाच्या तोंडचा ‘स’ ओळखायला जेवढी कंपनमर्यादा पुरते तेवढी बाईच्या किंवा मुलाच्या तोंडच्या ‘स’ला पुरत नाही, त्यांचा ‘स’ आणखी वर असतो. लहान मूल दिवसभर कुणाचं बोलणं ऐकतं? आईचं, आजीचं, अंगणवाडीतल्या ताईंचं. त्यात मोल्डच्या नळीत पाण्याचा थेंब अडकला किंवा तोंडाशी मळ बसला, तर वरचे आवाज आणखी दबतात. यंत्र ‘चालू’ असतं, पण मुलाला ‘जेवलास का’ हे ‘जेवला का’ असं ऐकू येतं. मग क्रियापदाचं हे रूप तो शिकणार कुठून? इंग्रजीत अनेकवचनाच्या ‘स’वर खूप काम झालं आहे, मराठीतल्या या ‘स’वर कुणी काम करणार असेल तर विषय तयार आहे, घ्या.

यंत्राची काळजी म्हणजे काय, हे संशोधकाला स्वतःच्या हाताने यायला हवं, नाहीतर निरीक्षणपत्रक नुसतं पुस्तकी होतं. लहान मुलांचं यंत्र बहुधा कानामागे बसणारं असतं. ते, कानात बसणारा मोल्ड आणि दोघांना जोडणारी नळी. मोल्ड यंत्रापासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, नळीतलं पाणी छोट्या हातपंपाने फुंकून काढायचं, पूर्ण वाळल्यावरच जोडायचा. यंत्राला पाणी अजिबात नाही, आणि स्पिरिटसुद्धा नाही. रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून दमट हवा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवायचं. पण डबीत ठेवण्याआधी बॅटरी बाहेर काढायची.

बॅटरी झिंक-एअर प्रकारची असते, हवेतल्या ऑक्सिजनवर चालते. तिच्यावरचं स्टिकर काढलं की हवा आत शिरते आणि प्रक्रिया सुरू होते. म्हणून स्टिकर काढल्यावर एखाद-दोन मिनिटं थांबून मग ती बसवायची. स्टिकर परत चिकटवून ती फारशी वाचत नाही. हवा फार कोरडी असली तरी तिच्या आतला ओलावा उडतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये वैजापूरच्या उन्हात ती पाकिटावरच्या हिशोबापेक्षा आधी संपली तर त्यात मुलाचा दोष नाही. आणखी एक गुण: तिचा दाब बराच काळ सारखा राहतो आणि शेवटी एकदम पडतो. मोठा माणूस ‘बंद पडलं’ म्हणतो. तीन वर्षांचं मूल काहीच म्हणत नाही, खेळत राहतं.

आता घरातल्या गोष्टी. बाळाच्या कानात कोमट तेल घालायची आपल्याकडची सवय डॉक्टर एरवीही नको म्हणतात. मोल्डच्या मुलाला तर ते नळीच बंद करतं. थंडीत घट्ट बांधलेली कानटोपी मायक्रोफोन झाकते आणि शिट्टीही वाजवते. शिट्टीचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: कान वाढला, मोल्ड तेवढाच राहिला. फटीतून आवाज बाहेर येतो, परत मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो. तान्ह्या बाळांना म्हणूनच दर काही महिन्यांनी नवा मोल्ड लागतो. पण शहर लांब असेल तर घरातलं कुणीतरी सोपा उपाय करतं, आवाज कमी करून टाकतं. शिट्टी थांबते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि मूल पुन्हा कमी ऐकू लागतं. मुलाखतीत ‘यंत्राचा काही त्रास?’ असं विचारलंत तर या घरातून ‘काही नाही’ असं उत्तर येईल आणि ते प्रामाणिक असेल.

हाच धागा मोजमापापर्यंत नेऊ. एलिझाबेथ वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2013 साली अमेरिकेतल्या मुलांच्या पालकांना विचारलं की मूल रोज किती तास यंत्र घालतं. शिवाय यंत्रातच साठणारी तासांची नोंद, म्हणजे डेटा लॉगिंग, काढून पाहिली. पालकांचा आकडा सरासरी अडीच तासांहून अधिक फुगलेला निघाला. पालक खोटं बोलत होते असा अर्थ काढू नका. चांगल्या दिवसाची आठवण राहते, आणि समोरच्या ताई-दादांना निराश करायचं नसतं. आपल्याकडे पेन-कागद घेऊन दारात उभा असलेला माणूस सरकारी वाटतो, हेही त्यात धरा.

त्याच अभ्यासात जास्त शिकलेल्या आयांची मुलं जास्त तास यंत्र घालताना दिसली. हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये उचलताना जपून. ‘अशिक्षित माता निष्काळजी असतात’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. माहितीपत्रक कुठल्या भाषेत होतं, फोनवर शंका विचारायची सोय होती का, आई दिवसभर मुलाजवळ होती की रानात, हे सगळं त्या एका ‘शिक्षण’ नावाच्या चलात लपलेलं असू शकतं. वैजापूरला तर मी निरीक्षणाचं एकक ‘आई’ धरणारच नाही. सकाळी यंत्र घालते आई, दुपारी मूल आजीजवळ किंवा अंगणवाडीत, संध्याकाळी काढतो मोठा भाऊ. कुणाच्या हातात यंत्र सर्वांत जास्त वेळ असतं, तर मुलाच्या. म्हणून मुलाला शिकवायचं.

बरं, डेटा लॉग तरी खरा का? तो यंत्र चालू असल्याचे तास मोजतो, कानात असल्याचे नाही. झाकण बंद करून डबीत ठेवलेलं यंत्रही ‘वापरात’ दिसू शकतं. शिवाय सगळ्या यंत्रांत ही सोय नसते, आणि ती नोंद काढायला ऑडिओलॉजिस्टचा संगणक लागतो. म्हणजे एकटं कुठलंच साधन पुरेसं नाही. दोन-तीन कच्ची साधनं एकमेकांवर ताडून बघायची.

त्यातलं एक मला फार आवडतं. बॅटरी बदलली की तिचं स्टिकर भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला चिकटवायचं. 13 नंबरच्या बॅटरीचं केशरी, 675 नंबरच्या बॅटरीचं निळं. चार वर्षांचं मूल हे आनंदाने करतं. आता हिशोब. 13 नंबरची क्षमता साधारण 300 मिलिअँपिअर-तास. समजा यंत्र 1.5 मिलिअँपिअर घेतं, तर 200 तास मिळतील. रोज बारा तास वापर असेल तर स्टिकर सोळा-सतरा दिवसांनी पडेल, सहा तास असेल तर तेहतीस दिवसांनी. भिंतीवरची दोन स्टिकरं बोलायला लागतात. मर्यादाही आहेतच: रात्री यंत्र चालू राहिलं किंवा कोरड्या हवेने बॅटरी लवकर गेली तर वापर खोटाच जास्त दिसेल. म्हणून सुरुवातीला त्याच गावात, त्याच महिन्यात एखादं यंत्र ठरावीक तास चालवून आकडा जुळवून घ्यायचा. आणि हो, स्टिकरंच गोळा करा, वापरलेल्या बॅटऱ्या नाही. बटण बॅटरी गिळली तर ते तातडीचं दुखणं आहे, वाट न बघता थेट दवाखाना. बॅटरीचं झाकण कुलपाचं असावं, नवी-जुनी बॅटरी उंच फळीवर.

शिकवायचं कसं, यासाठी कामाचे तुकडे पाडावे लागतात. मोल्ड धुण्याचे सहा-सात तुकडे होतात, आणि प्रत्येकापुढे ‘स्वतः’, ‘सांगितल्यावर’, ‘हात धरून’ अशी खूण करायची. लहान मुलाला शेवटच्या तुकड्यापासून शिकवलेलं चांगलं: बाकी सगळं मोठ्याने करायचं, डबीचं झाकण तेवढं मुलाने लावायचं, मग त्याआधीचा तुकडा. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला पहिल्या दिवसापासून मिळतो. तीन वर्षांच्या मुलाकडून डबी आणून देण्याइतकीच अपेक्षा ठेवा. पाचव्या वर्षी ‘बंद पडलं’ हे सांगता आलं तर मी तेच सर्वांत मोठं यश धरीन. बॅटरी बदलणं त्यानंतरचं.

सांगता येण्यासाठी रोज सकाळची लिंग चाचणी उपयोगी. डॅनिएल लिंग यांनी सुचवलेले सहा आवाज: म, ऊ, आ, ई, श, स. मुलाच्या मागे किंवा तोंड झाकून, नेहमीच्या आवाजात, मधली थांबण्याची वेळ बदलत म्हणायचे. ऐकू आलं की मुलाने ठोकळा टोपलीत टाकायचा. (चिंचोके, शेंगदाणे नकोत. ते नाकात जातात.) काल ‘स’ला ठोकळा पडत होता, आज पडला नाही, तर आधी नळी आणि बॅटरी बघा.

एका तालुक्यात अशी मुलं मोजकीच सापडणार, मग ‘नमुना लहान आहे’ म्हणून विषय सोडायचा का? अजिबात नाही. इथे बहु-आधाररेषा रचना कामाला येते. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी 1968 च्या लेखात ती मांडली. तीन मुलं घ्या. तिघांचंही निरीक्षण एकाच वेळी सुरू करा, पण शिकवणं पहिल्याला तिसऱ्या आठवड्यात, दुसऱ्याला पाचव्या, तिसऱ्याला सातव्या. प्रत्येकाचा आलेख त्याचं शिकवणं सुरू झाल्यावरच वर चढला, तर बदल शिकवण्यामुळे झाला असं म्हणायला आधार मिळतो. शिकवणं काढून घेऊन ‘आता विसरतो का’ बघणारी उलट रचना इथे चालत नाही. कौशल्य एकदा आलं की काढून घेता येत नाही, आणि येत असतं तरी ते घेऊ नये. तिसरं मूल सातव्या आठवड्यापर्यंत थांबतं, त्या काळात मोठी माणसं नेहमीप्रमाणे त्याचं यंत्र सांभाळतील हे आधीच ठरवून घ्या. यंत्र बंद पडलेलं दिसलं तर ‘आधाररेषा बिघडेल’ म्हणून गप्प बसू नका. दुरुस्त करा आणि तशी नोंद करा.

संमतीचंही तसंच. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. सात ते बारा वयात पालकांच्या संमतीसोबत मुलाचा तोंडी होकारही हवा. ज्याला ऐकायला कमी येतं त्याचा तोंडी होकार कसा घेणार, हा प्रश्न नैतिकता समिती विचारेलच. चित्रं आणि खुणा आधी तयार ठेवा, गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडून तपासून घ्या. आणि कुटुंबांना सहभागाबद्दल बॅटऱ्यांची पाकिटं देणार असाल तर ती आधाररेषेच्या पहिल्या दिवसापासूनच तिघांनाही द्या. नाहीतर तुमचा आलेख शिकवण्याने चढला की फुकटच्या बॅटऱ्यांनी, हे व्हायव्हाला सांगता येणार नाही.