हेडसेटही, स्पीकरही

दर वेळी टेबलाखाली वाकून पिन बदलायची काहीच गरज नाही. डेस्कटॉपच्या मागे हिरवे भोक स्पीकरचे, गुलाबी माइकचे. ‘पीसी ९९’ या मायक्रोसॉफ्ट-इंटेलच्या आराखड्यापासून हे रंग रूढ झाले. स्पीकर तिथे कायमचे जोडावेत आणि हेडसेट कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला. पुढे पिन लावताच स्पीकर बहुधा आपोआप गप्प होतात.

खरी फसगत पिनेत होते. मोबाइलच्या हेडसेटची ३.५ मिलिमीटरची पिन नीट पाहा. तीन कड्या असतील तर तिच्यात आवाज आणि माइक एकत्र असतात. कॅबिनेटला हेडफोन व माइकची भोके वेगळी असतील, तर तुम्हाला ऐकू येईल, पण तुमचा आवाज पलीकडे जाणार नाही. अशा वेळी एका पिनेच्या दोन पिना करणारा जोड घ्यावा. एकाच भोकातला आवाज दोन हेडफोनना वाटणारा जोड जवळपास तसाच दिसतो, पण इथे तो निरुपयोगी. दुकानात ‘माइकसाठी’ असे स्पष्ट सांगा.

नवीन घेणार असाल तर आमची पसंती यूएसबी हेडसेटला. त्याची ध्वनियंत्रणा त्याच्यातच असल्याने विंडोजला तो स्वतंत्र दिसतो. विंडोज १० मध्ये २०१८ पासून प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज कुठे जावा हे साउंड सेटिंग्जमध्ये ठरवता येते: शिकवणी हेडसेटवर, गाणी स्पीकरवर.

हेडसेट चढवण्याआधी आवाज मात्र आठवणीने कमी करा, विशेषतः मुलांच्या कानांसाठी.