पोषण आहाराचे मासिक पत्रक व मॅक्रोचा उपयोग

शालेय पोषण आहाराच्या मासिक पत्रकात चार आकडे एकमेकांशी बांधलेले असतात : आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक. १९९५ साली १५ ऑगस्टला सुरू झालेल्या व २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणाऱ्या या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम, तर सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरले जाते. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत लहान शाळांतून हे पत्रक बहुधा शिकविणाऱ्या शिक्षकालाच लिहावे लागते. ते एक्सेलमध्ये ठेवल्यास बेरीज-वजाबाकी सूत्रे करतात. पण दरमहा नवे पान मांडण्याचा खटाटोप उरतोच. तो मॅक्रोकडे सोपविता येतो.

मॅक्रो म्हणजे एकदा करून दाखविलेल्या क्रियांची संगणकाने ठेवलेली नोंद होय. ‘व्ह्यू’ सदरातील ‘मॅक्रोज’खाली ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबून क्रिया कराव्यात व नोंद थांबवावी. पुढे त्याच क्रिया त्याच क्रमाने घडतात. क्रियेचा हेतू मात्र संगणकाला कळत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे.

पहिली ते चौथीच्या ४० मुलांची एक शाळा उदाहरणादाखल घ्यावी. जुलैच्या आरंभी तांदूळ ६० किलो, जमा १०० किलो. २४ दिवस सर्व मुले जेवली तर खर्च ९६ किलो व अखेर ६४ किलो. ऑगस्टसाठी जुलैच्या पानाची प्रत हाताने काढावी, तिला महिन्याचे नाव द्यावे आणि त्या नव्या पानावर उभे राहूनच नोंद सुरू करावी. प्रत काढण्याची क्रियाही नोंदविली, तर ‘जुलै’ हे नाव मॅक्रोत कायमचे बसते व सप्टेंबरचे पानही जुलैवरूनच निघू लागते.

नोंदीत प्रथम अखेरच्या शिल्लकीची चौकट उचलून आरंभीच्या चौकटीत ‘केवळ मूल्य’ म्हणून चिकटवावी; सूत्र चिकटविल्यास आकडा बिघडतो. त्यानंतरच जमेचे व रोजच्या हजेरीचे हाताने भरलेले आकडे पुसावेत, सूत्रांना हात लावू नये. हा क्रम उलटला तर काय होते? जमा व खर्च आधी पुसल्यामुळे अखेरची चौकट पुन्हा ६० दाखविते आणि तोच आकडा पुढे जातो. कोठारातील चार किलो तांदूळ, म्हणजे चाळीस मुलांचे एका दिवसाचे जेवण, कागदावरून नाहीसे होते, आणि सूत्रे बरोबर असल्याने चूक कोठेही दिसत नाही. म्हणून आरंभीचा आकडा छापील पत्रकाशी व प्रत्यक्ष पोत्यांच्या वजनाशी ताडून पाहावा.

मॅक्रो चालविल्यावर ‘अन्डू’ उपयोगी पडत नाही. चुकून जुलैच्याच पानावर तो चालला तर महिन्याभराची हजेरी पुसली जाते. सबब चालविण्यापूर्वी फाइल जतन करून तिची एक प्रत वेगळी ठेवावी. फाइल ‘मॅक्रो-सक्षम’ प्रकारात जतन न केल्यास मॅक्रो गळून पडतो. दुसऱ्या शाळेने व्हॉट्सॲपवर धाडलेली तयार फाइल वापरण्यापेक्षा स्वतः नोंदविलेला मॅक्रो बरा : इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो २०२२ पासून एक्सेल आपण होऊन रोखते, आणि तसे करण्यास सबळ कारण आहे. मोबाइलवरील एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही. शाळेत संगणक नसल्यास महिन्यातून एकदा केंद्रशाळेतील संगणकावर नवे पान काढून घ्यावे, रोजची हजेरी मग मोबाइलवरही भरता येते.