धान, तांदूळ आणि पायली : माप व वजन यांचा मेळ

रामटेक, मौदा, भंडारा या धानाच्या मुलखांत बाजार काट्यावर चालतो. परंतु कित्येक घरांत कोठीचा हिशेब अद्यापि पायलीनेंच होतो. या दोहोंचा मेळ न घातल्यास शेतकऱ्याचें नुकसान होतें, आणि कित्येकदां विनाकारण दुसऱ्यावर संशयही येतो.

पूर्वींचा घोटाळा याहून मोठा होता. शेर दोन प्रकारचा असे, कैली व वजनी. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा. असे ४० शेर मिळून मण. कैली माप मात्र गांवोगांव निराळें. वीस कुडवांची खंडी म्हटली, तरी कुडव केवढा हें विचारावेंच लागे. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति ठरली व १९५८ पासून किलोचीं वजनें प्रचारांत येऊं लागलीं. तथापि कोठींतली पायली आजोबांच्या वेळचीच राहिली.

मूळ गोष्ट इतकीच कीं, माप जागा मोजतें, काटा भार मोजतो. एक लिटर पाणी एक किलो भरतें. एक लिटर तांदूळ सुमारें ८०० ग्रॅम, आणि एक लिटर धान ५५० ते ६०० ग्रॅमच भरतें. कारण टरफल हलकें असून दाण्यांमधील पोकळी अधिक असते.

यावरून भरडाईचा नेहमींचा तंटा मिटतो. चांगलें १०० किलो धान भरडलें असतां सुमारें ६५ ते ६७ किलो तांदूळ येतो. वजनांत एक तृतीयांश घट. परंतु पायलीनें मोजल्यास दोन पायल्या धानाचा तांदूळ जेमतेम एक पायली होतो. मालकास वाटतें, अर्धा माल गिरणीवाल्यानें खाल्ला! म्हणून धान घालतांना व तांदूळ घेतांना दोन्ही वेळां वजनच करावें.

दुसरी फसगत शिगेची. उंची व रुंदी सारखी असलेल्या मापावर शीग लावल्यास सुमारें दहावा हिस्सा अधिक जातो; तेंच माप उथळ असून उंची रुंदीच्या निम्मी असेल, तर जवळजवळ पांचवा हिस्सा. देणें-घेणें सपाट मापानेंच व्हावें. काठावर सरळ काठी फिरवून वरचा दाणा पाडावा.

स्वयंपाकांतही हेंच. तांदुळाच्या दुप्पट पाणी, हा गृहिणींचा ठोकताळा मापाचा आहे, वजनाचा नव्हे. एक किलो तांदूळ म्हणजे सव्वा लिटर; त्यास अडीच लिटर पाणी लागेल. दोनच लिटर घातल्यास भात कच्चा राहण्याचा संभव. जुन्या तांदुळास पाणी किंचित् अधिक, नव्यास कमी. पंगतीस माणशीं १२५ ग्रॅम धरल्यास २०० पानांस २५ किलो, म्हणजे सुमारें ३१ लिटर तांदूळ लागतो.

आपली पायली एकदां तपासून ठेवावी. रिकामी पायली तोलावी; मग पाण्यानें काठोकाठ भरून तोलावी. वाढलेले किलो तितकेच तिचे लिटर. नंतर ती पुसून, कोरडी करून, तांदूळ सपाट भरून तीनदां तोलावा व सरासरी काढावी. जाडा, बारीक, उकडा व कणी यांचे आंकडे थोडे निराळे येतात. ते पायलीवर वा वहींत लिहून ठेवावे. अर्ध्या तासाचें हें काम पुढें वर्षानुवर्षांची तूट व तंटा वांचवितें.